डॉक्टर रत्नपारखींचं वाक्य

"सिस्टर, त्या जुन्या कात्र्या नकोत. डॉक्टरांच्या रोजच्या हातातलं काहीतरी द्या," वहिनी म्हणाल्या.

खंडेनवमीची सकाळ होती. खाली डॉक्टर रत्नपारखींचा दवाखाना, वरच्या मजल्यावर त्यांचं आणि वहिनींचं घर. दरवर्षी या दिवशी वर शस्त्रांची पूजा व्हायची. चांदीच्या ताटात चार हत्यारं, त्यावर हळदकुंकू, झेंडूची फुलं, आणि मग दसऱ्याची आरती होईपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही. आधीची तीन वर्षं मी पूजेला टाकाऊ कात्र्या आणि गंजके चिमटेच दिले होते. देवीला चाललं होतं. या वर्षी डॉक्टरांनी मुंबईहून नवा सेट आणला होता आणि वहिनींना त्यातलीच हत्यारं हवी होती.

मी एक कात्री, एक सुरीची मूठ आणि दोन आर्टरी काढून दिल्या. आर्टरी म्हणजे रक्तवाहिनी पकडायचा चिमटा. काय दिलं ते पाटीवर खडूनं लिहून ठेवलं.

"लिहिताय कशाला? आम्ही काय पळवणार आहोत?" वहिनी हसून म्हणाल्या.

"सवय आहे वहिनी," मी म्हणाले.

सवय मला मिशनच्या दवाखान्यात लागली होती. तिथं आमची ट्यूटर मोजणीच्या बाबतीत फार खडूस होती. पोट उघडायच्या आधी मोजा, शिवायच्या आधी मोजा, आणि मोठ्यानं मोजा, टेबलाभोवतीच्या सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे. तीन वर्षं ती कानीकपाळी ओरडली. शिकून बाहेर पडले तेव्हा झोपेत विचारलं असतं तरी मी आकडा सांगितला असता. तालुक्याच्या गावी, डॉक्टर रत्नपारखींकडे आले तर इथं मोजणीची पद्धतच नव्हती. "माझी नजर आहे ना," असं डॉक्टर म्हणायचे. मी मोजायला लागले तेव्हा त्यांनी अडवलं नाही. मोजणीसाठी एक रजिस्टरही मी मागून घेतलं. पाहुण्या डॉक्टरांना ते कौतुकानं दाखवायचे, "आमच्या वायदंडे सिस्टर बघा, किती सिस्टिमॅटिक."

त्या कौतुकावर मी खूश होते, हे कबूल करते. आता त्याचाही राग येतो.

डॉक्टर कधी ओरडत नसत. कुणाचं चुकलं की ते चष्मा काढायचे, काच पुसायचे आणि हळू आवाजात म्हणायचे, "आय डिडन्ट एक्स्पेक्ट धिस फ्रॉम यू." बस, एवढंच. ऑपरेशनच्या दिवशी पोहे खाऊन आलेल्या पेशंटला हेच वाक्य, पावती चुकवलेल्या कंपाउंडरला हेच, आणि भाजी खारट झाली की वहिनींनाही हेच. इंग्रजी न कळणाऱ्यांनाही ते कळायचं. कंपाउंडर दोन दिवस जेवला नव्हता. डॉक्टरांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं तो म्हणाला. साहेबानं आपल्याला केवढं मोठं समजलं होतं आणि आपण किती खाली पडलो, असं माणसाला वाटायचं. त्या वाक्याला उलट उत्तर द्यायची सोयच नव्हती. मला मात्र तीन वर्षांत त्यांनी ते एकदाही म्हटलं नव्हतं.

पूजा नऊला आटोपली. साडेदहाला मी थिएटरमधलं सामान लावायला बसले. सणामुळे ठरलेलं ऑपरेशन नव्हतं, पण अडलेलं माणूस पंचांग बघून येत नाही. नव्या सेटमधल्या आर्टरी मोजल्या. आठातल्या दोन पूजेला, म्हणजे सहा हव्यात. पाच होत्या. पुन्हा मोजल्या, तरी पाच.

माझ्या हाताखाली तानूमावशी होती. आया. पन्नाशीची, अंगानं काटकुळी, वीस वर्षं तिथंच. तिनं कपाटाखाली झाडू घालून बघितलं, धुण्याचे गठ्ठे सोडून बघितले. आर्टरी नव्हती. मी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर आले, इकडंतिकडं बघितलं आणि सहज म्हणाले, "मावशीची पिशवी बघितली का?"

तानूमावशीनं खुंटीवरची पिशवी काढली आणि आमच्यासमोर फरशीवर उलटी केली. भाकरीचा डबा, मिश्रीची डबी आणि देवीची ओटी भरायला आणलेला हिरवा खण. दुसरं काही नव्हतं.

"बघा सायेब," ती म्हणाली. "अजून कुटं बघायचं असंल तर सांगा."

तेवढ्यात जिन्यावरून वहिनींचा आवाज आला. "अहो, तो चिमटा शोधताय का? मी नेला की. ताट रिकामं दिसत होतं म्हणून मघाशी खाली येऊन घेऊन गेले. सिस्टर वॉर्डात होत्या."

डॉक्टर वहिनींकडे बघून हसले. मग माझ्याकडे वळले, चष्मा काढला, काच पुसली.

"सणाच्या दिवशी एवढा गोंधळ, सिस्टर? आधी वर विचारायचं ना. आय डिडन्ट एक्स्पेक्ट धिस फ्रॉम यू."

तानूमावशीला ते एक शब्दही बोलले नाहीत. ती खाली बसून डबा पिशवीत भरत होती. माझे कान तापले. सहा हव्यात आणि पाच आहेत, एवढंच मी सांगितलं होतं आणि ते खरं होतं. पण तोंडातून निघालं काय, तर "सॉरी सर."

या 'सॉरी'ची मला आजही लाज वाटते.

रागातच मी पुढचं काम उरकलं. मॉप शिवून धुऊन आले होते, त्यांचे गठ्ठे बांधले. मॉप म्हणजे पोटाच्या ऑपरेशनमध्ये रक्त टिपायला आणि आतडी बाजूला सारून धरायला लागणारी जाड कापडी घडी, हातरुमालाएवढी, एका कोपऱ्याला लांब नाडी. पाचाचा एक गठ्ठा. मी प्रत्येक गठ्ठा दोनदा मोजला, बांधला आणि ड्रममध्ये घालून वाफेला लावला. तेव्हा अकरा वाजून गेले होते. पूजा होऊन दोन तास झाले होते आणि वहिनींची खालची फेरीही होऊन गेली होती. हे वेळेचं मी मुद्दाम सांगते आहे.

अडीच वाजता मालनला घेऊन आले.

मालन अठ्ठावीस वर्षांची, दोन मुलींची आई. जीपमधून तिला तिच्या सासूनं आणि दिरानं उचलून आणलं. ओठ पांढरे, पोट फुगलेलं, नाडी हाताला लागेना. गर्भ पिशवीत न राहता नळीत राहिला होता आणि नळी फुटली होती. पोटात नुसतं रक्त. डॉक्टरांनी दोन मिनिटांत निर्णय घेतला. एक सांगते, डॉक्टर रत्नपारखींचा हात सोन्याचा होता. त्या दिवशी ते नसते तर मालन जीपमध्येच गेली असती. हे मी तेव्हाही नाकारलं नाही आणि आजही नाकारत नाही.

सासू दारात आडवी आली. जाड काठाचं हिरवं लुगडं, पायात चपला नाहीत.

"बाई, दोन बारक्या पोरी हायती तिच्या. माघारी द्या तिला," ती मला म्हणाली. डॉक्टर पुढं गेले होते म्हणून असेल, पण म्हणाली ती मला.

"देते," मी म्हणाले. असं बोलायचं नसतं. बोलून गेले.

थिएटरमध्ये आम्ही चौघं होतो. डॉक्टर, भूल द्यायला डॉक्टर इनामदार, टेबलाशी मी, आणि वरकामाला तानूमावशी. घाई होती तरी मी मॉपचे दोन गठ्ठे उघडले आणि मोठ्यानं मोजले. पाच आणि पाच, दहा. तानूमावशीनं भिंतीवरच्या पाटीवर दहा रेघा मारल्या. तिला लिहिता येत नव्हतं, रेघा येत होत्या.

पोट उघडलं तसं रक्त वर आलं. डॉक्टर मॉप मागत होते, मी देत होते. लाल झालेले मॉप ते बादलीत टाकत होते. आतडी वर सारायला त्यांनी दोन-तीन आत लावले. फुटलेली नळी हाताला लागली, चिमट्यात धरली, बांधली, कापली. रक्त थांबलं. पंधरा मिनिटांत एवढं झालं. डॉक्टर इनामदारांनी पहिल्यांदा मान वर केली.

"प्रेशर ऐंशी आहे. लवकर मिटवा," ते म्हणाले.

"मिटवतो," डॉक्टर म्हणाले. त्यांनी लावलेले मॉप काढले आणि हात पुढं केला. "नीडल होल्डर."

मी तानूमावशीकडे बघितलं. ती बादलीतले मॉप चिमट्यानं एकेक उचलून फरशीवर ओळीनं मांडत होती. मोजून झाल्यावर तिनं माझ्याकडे बघितलं आणि एका हाताची चार बोटं आणि दुसऱ्या हाताची पाच दाखवली.

"सर, एक मॉप कमी आहे," मी म्हणाले.

"पुन्हा मोजा."

तानूमावशीनं पुन्हा मोजले. मीही टेबलावरून मोजले. नऊच होते. बादली उलटी केली. चादरीच्या घड्या, माझ्या पायाखालची जागा, सगळं बघितलं. नऊच.

डॉक्टरांनी आत बोटं फिरवली. घाईघाईनं, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे.

"नाहीये आत," ते म्हणाले. मग त्यांना आठवलं. "अहो, सकाळसारखंच झालं असेल. पूजेला गेला असेल. मावशी, वर जाऊन बघा."

तानूमावशी धावत वर गेली आणि धावत आली. दारातच थांबून म्हणाली, "हाय. ताटाखाली आंथरलाय. नाडीसकट. मी हात न्हाई लावला."

"झालं." डॉक्टरांनी श्वास सोडला. "तो तुमचा दहावा. द्या आता."

त्यांचा हात माझ्यासमोर उघडा होता. सुई ओवलेला नीडल होल्डर माझ्या मुठीत होता. तो त्या तळहातावर ठेवायला अर्धा सेकंद पुरला असता. आणि खरं सांगायचं तर तो ठेवावा असं मला वाटलं. सकाळचं वाक्य अजून कानात होतं. डॉक्टरांना पेशंट वाचवायचा आहे, मी एका फडक्यासाठी अडवते आहे. माझंच मोजायचं चुकलं असेल तर? पाचाऐवजी चारच्या गठ्ठ्याला गाठ मारली असेल तर?

पण मी आत्ताच, पोट उघडायच्या आधी, उघड्या गठ्ठ्यातले दहा मोजले होते. मोठ्यानं. आणि पाटीवर तानूमावशीच्या दहा रेघा होत्या. पूजेचा मॉप सकाळीच गेलेला. या दहांत तो नव्हताच. तो अकरावा होता.

"सर, पूजेचा मॉप वेगळा," मी म्हणाले. "गठ्ठे मी त्यानंतर बांधलेत. इथं दहा आले होते."

"सिस्टर, प्रेशर ऐंशी आहे. ऐकलंत ना तुम्ही?"

"ऐकलं."

"मग?"

"दहावा मिळाल्याशिवाय मी सुई देणार नाही."

हे मी म्हटलं तेव्हा मला स्वतःलाच नवल वाटलं. आवाज चढला नव्हता. पण राग असा उसळला होता की मी नीडल होल्डर दोन्ही हातांनी छातीशी धरला. राग कसला? सकाळचा होता. तानूमावशीच्या पिशवीचा होता. 'सॉरी सर' म्हणाले त्याचा होता. आणि सगळ्यात जास्त याचा की, समोर एक बाई पोट उघडं टाकून पडली होती आणि आमच्या डॉक्टरांना तिच्या पोटापेक्षा वरच्या ताटावर जास्त विश्वास होता.

डॉक्टरांना चष्मा काढता येईना, हातमोजे रक्तानं भरले होते. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले.

"वायदंडे," ते म्हणाले. सिस्टर नाही, नुसतं आडनाव. "आय रिअली डिडन्ट एक्स्पेक्ट धिस फ्रॉम यू."

मी सुई तशीच धरून ठेवली.

"तिला काही झालं तर जबाबदारी तुमची."

"चालेल," मी म्हणाले. "आत नीट बघा, सर. वर बघा. डाव्या बाजूला, आतड्यांच्या मागं."

आता डॉक्टर इनामदारांनी यंत्रावरून नजर न काढता म्हटलं, "दोन मिनिटं देऊ शकतो मी. बघून घ्या एकदा."

दुसऱ्या डॉक्टरनं म्हटलं म्हणून ते ऐकलं गेलं. यावरही मी पुष्कळ वर्षं चरफडले आहे.

डॉक्टरांनी हात आत घातला. या वेळी मनगटापर्यंत. आतडी अलगद बाजूला करत वर गेले. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि तानूमावशी तो टिपायला पुढं झाली नाही. मी त्यांच्या दंडाकडे बघत होते. दंड थांबला.

हात सावकाश बाहेर आला. बोटांत एक लाल भिजका लगदा होता. तो आतड्यांसारखाच दिसत होता, नुसत्या डोळ्यांना वेगळा ओळखूच आला नसता. शेवटी नाडी बाहेर आली. आतडी वर सारताना त्यांनीच तो खोचला होता आणि नाडी आत घसरली होती. त्या काळी आमच्या मॉपमध्ये एक्स-रेवर दिसणारा धागा नसायचा. राहिला असता तर आठवड्यानं ताप, पू, आणि मग पुढचं सगळं. कशानं झालं हे कुणाला कळलंही नसतं.

डॉक्टरांनी तो ट्रेमध्ये ठेवला.

"दहा," मी मोठ्यानं म्हणाले.

तानूमावशीनं पाटीवरच्या दहा रेघांवर आडवी रेघ मारली.

"नीडल होल्डर," डॉक्टर म्हणाले. मी दिला.

बाहेर सासू उभी होती. मी मागून हातमोजे काढत येत होते, तेव्हा डॉक्टर तिला सांगत होते, "वाचली सून. देवीची कृपा. आत सिस्टरांच्या मोजणीचा जरा घोळ झाला, म्हणून वेळ लागला. नाहीतर कधीच आटोपलं असतं."

मी जागीच उभी राहिले. वाटलं, ऐकलं ते खरं नाही. मग डॉक्टर मला बघून न बघितल्यासारखं करून जिना चढून गेले, तेव्हा खरं वाटलं.

सहा वाजता त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. रजिस्टर समोर उघडं होतं. मी लिहिलं होतं: 'शिवण्यापूर्वी एक मॉप कमी. शोध घेतल्यावर पोटात वर डावीकडे सापडला. त्यानंतर मोजणी दहा, बरोबर.' खाली माझी सही आणि वेळ.

"बसा," डॉक्टर म्हणाले. मी बसले नाही.

"हे एवढं लिहायची गरज नव्हती. शेवटी मोजणी बरोबर आली ना? तेवढंच लिहायचं. हे पान काढून टाका, नव्यानं लिहा."

"जे झालं ते लिहिलंय, सर."

"सिस्टर, मी तुम्हाला घरच्यासारखं वागवलं."

"हो."

चष्मा निघाला. रुमाल निघाला. काच पुसून झाली. आणि एकाच दिवसात तिसऱ्यांदा तेच वाक्य.

"आय डिडन्ट एक्स्पेक्ट..."

"मग काय अपेक्षा होती, सर?" मी विचारलं.

त्यांचा हात काचेवर थांबला. इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नसावं. ते वाक्य ऐकून माणसं मान खाली घालून निघून जायची. मी खरंच उत्तराची वाट बघत उभी होते. मला ते हवं होतं. मी मोजू नये, की मोजून गप्प बसावं, की गप्प बसून वर सही करावी, यातलं नेमकं काय त्यांनी माझ्याकडून धरलं होतं ते त्यांनी मराठीत सांगावं, असं मला वाटत होतं.

"जा तुम्ही," ते म्हणाले.

रजिस्टर मी काखेत घालून बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी मालन शुद्धीवर होती. लाज वाटून हळूच म्हणाली, "पाणी द्या की." मी ओल्या कापसानं तिचे ओठ पुसले. उशाशी सासू बसली होती, पदरात आपट्याची पानं. माझ्याशी बोलेना. मालनची चादर नीट करायला वाकले तेव्हा सासू म्हणाली, "तुमी मोजण्यात घोळ घातला म्हणं. डाक्टर सांगत हुतं. माझी सून तिकडं मरायला लागलेली आन् तुमी फडकी मोजत बसला."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. वाटलं, हिला ओरडून सांगावं. पण पेशंट समोर होता. मी तिला म्हटलं, "मावशी, माझ्याबरोबर या."

तिला घेऊन मी थिएटरच्या दारात गेले. कोरा मॉप काढून तिच्या हातात दिला. रजिस्टर उघडलं आणि तिला वाचता येत नाही म्हणून बोट ठेवून एकेक शब्द वाचून दाखवला. शिवण्यापूर्वी एक मॉप कमी. पोटात सापडला. तानूमावशी पोछा घेऊन आत होती. ती फडकं पिळत म्हणाली, "खरं हाय, बाई. ह्या सिस्टरनी सुई दिली न्हाई म्हनून घावला. न्हाईतर डाक्टर शिवायलाच लागलं हुतं."

सासूनं मॉप उलटा-सुलटा करून बघितला. नाडी बोटाला गुंडाळली, सोडली.

"हे येवढं? आत?"

"हो."

"कुनी ठिवलं हुतं?"

मी काही बोलले नाही. तानूमावशीही बोलली नाही. बाईला कळलं.

बाहेर व्हरांड्यात डॉक्टर नवा झब्बा घालून उभे होते. कंपाउंडर, वॉर्डातल्या बाया, पेशंटांचे नातेवाईक त्यांना सोनं देत होते, पाया पडत होते. ते सगळ्यांना "सोन्यासारखे राहा" म्हणत होते. सासू मॉप हातात घेऊनच तिकडं चालत गेली. डॉक्टरांना ती येताना दिसली. त्यांनी हसून हात पुढं केला.

तिनं पदरातली पानं बाहेर काढली नाहीत. दुसऱ्या हातातला मॉप त्यांच्या तळहातावर ठेवला. नाडी खाली लोंबत राहिली.

"डाक्टर, देव म्हनत हुतो आमी तुमाला," ती म्हणाली. ओरडली नाही. "चुकलं हुतं तर चुकलं म्हनायचं हुतं. पर त्या बाईवर ढकललं. तुमच्याकडनं आसं वाटलं न्हवतं."

डॉक्टरांनी चष्म्याकडे हात नेला आणि तो तसाच राहिला. हातात मॉप होता.

सासू परत आली. माझ्याजवळ थांबून आभार वगैरे काही मानले नाहीत. महिन्याभरात मी तो दवाखाना सोडला आणि डॉक्टरांनी मला अनुभवाचा दाखला दिला नाही, ते सगळं पुढचं. त्या वेळी ती फक्त वॉर्डाच्या दाराशी वळली आणि म्हणाली, "बाई, ती पानी मागतीया. कदी द्यायचं?"

"संध्याकाळपर्यंत नाही," मी म्हणाले. "तोवर ओठ ओले करत राहा."